यादीबाहेरचा आकडा

अपेक्षाच्या अंगात एक मोठा दोष होता. समोरच्याचं मन मोडेल असं काही बोलायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. भाजीवालीनं सडके टमाटे पिशवीत टाकले तरी "असू द्या" म्हणणाऱ्यांपैकी ती. परभणीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायला लागून तिला तीन वर्षं झाली होती, आणि फळ्यावर कुणाचं चुकलं की ती "जवळजवळ बरोबर आहे" असं म्हणायची. गणितात जवळजवळ बरोबर असं काही नसतं हे तिलाही ठाऊक होतं. पण पोरांची पडलेली तोंडं तिला बघवत नसत.

अशा पोरीच्या वाट्याला ही कामगिरी यावी, ही थट्टाच म्हणायची. डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी ती पाथरीच्या एसटीत बसली होती आणि तिला व्यंकटराव गुरुजींना जाऊन सांगायचं होतं, की गुरुजी, तुमची अकरा वर्षांची मेहनत चुकीची आहे.

व्यंकटराव गुरुजी म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. अपेक्षाचे आईबाप दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. कोयता, भांडी, शेळी, लेकरं, सगळं ट्रकमध्ये. अपेक्षा पाचवीत असताना ट्रक सुटायच्या वेळी गुरुजी सायकल मारत आले आणि तिच्या बापाला म्हणाले, "वैजीनाथ, शेळी ने, कोंबड्या ने, ही पोरगी ठिव." बाप म्हणाला, "खाईल कुठं?" गुरुजी म्हणाले, "मी खातो तिथं." तेव्हापासून सलग चार हंगाम अपेक्षा गुरुजींच्या घरी राहिली. गुरुजींच्या पत्नी दगडाबाई काकूंनी तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि गुरुजींनी तिच्या डोक्यात गणित घातलं. दोन्ही कामं सारख्याच निर्दयपणे झाली, पण माया अशी की तिला आजही पाथरीला जायचं म्हटलं की माहेरी निघाल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी मात्र वाटेतलं मानवत मागं पडलं तसं तिला उतरून परतीची एसटी धरावीशी वाटू लागलं.

झालं होतं असं. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एक काम हाती घेतलं होतं. शून्य आणि एकच्या मधले सगळे आकडे ओळीनं लिहून काढायचे, एकही सोडायचा नाही. आता कुणी म्हणेल, असे आकडे कधी संपायचे का? गुरुजींनाही ते कळत होतं. संपवायचं कुणाला होतं! मोजायचे एक, दोन, तीन हे आकडे तरी कुठं संपतात? पण ते रांगेत तर उभे असतात. पहिला कोण, शंभरावा कोण, लाखावा कोण, हे सांगता येतं. दशांशाचे आकडेही तसेच रांगेत उभे करता येतात, प्रत्येकाला त्याचा नंबर देता येतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

त्यासाठी त्यांनी काढलेली युक्ती मोठी गोड होती. मोजायचा आकडा घ्यायचा, उलटा करायचा आणि त्याच्या आधी शून्य आणि टिंब ठेवायचं. एकाचा झाला ०.१. दहाचा ०.०१. बाराचा ०.२१. तीनशे सेहेचाळीसचा ०.६४३. मनात कुठलाही दशांश धरा, गुरुजी तो उलटा करून त्याचा नंबर तिथल्या तिथं सांगायचे. नियम दोन ओळींत मावत होता, तरी गुरुजी रोज सकाळी अंघोळ झाली की पंधरा आकडे लिहायचे. साठ हजारांच्या घरात आकडे आणि दोनशे पानी दहा वह्या झाल्या होत्या. लोक जप करतात, गुरुजी हे करायचे.

वर्षभर ते या वह्यांच्या पानांचे फोटो अपेक्षाला व्हॉट्सॲपवर पाठवत होते. आणि अपेक्षा काय करत होती? प्रत्येक फोटोला हात जोडल्याची खूण पाठवत होती. ही यादी पुरी होऊच शकत नाही, गुरुजींचीच काय, जगात कुणाचीच होऊ शकत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध झालंय आणि आपण एमेस्सीला ते शिकलोय, एवढं लिहायला तिचं बोट धजावत नव्हतं.

हे असंच चाललं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण कॉलेजात गणित दिवस आला आणि प्रमुख पाहुणे म्हणून अपेक्षानं गुरुजींचं नाव सुचवलं. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "प्राथमिकचे गुरुजी? मॅडम, आपले विद्यार्थी एमेस्सीचे आहेत." ती आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं अडून बसली आणि त्यांनी नाइलाजानं हो म्हटलं. आनंदानं तिनं गुरुजींना फोन केला, की मुलांना तुमच्या शाळेतले अनुभव सांगा. गुरुजी म्हणाले, "अनुभव कसले सांगतीस? मी यादी जाहीर करतो."

मंगळवारी कार्यक्रम. दोनशे पोरं, सगळे प्राध्यापक, आणि स्टेजवर गुरुजी यादी जाहीर करणार. पोरं हसतील. विभागप्रमुख तर मिटक्या मारत हसतील. ज्या माणसानं आपल्याला माणूस केलं त्याची फजिती आपल्याच हातानं व्हायची. म्हणून रविवारी पाथरी.

गुरुजींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटा मुलगा जीवन, पुण्याला कंपनीत असलेला, त्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मुलगी चुडाव्याची. पलंगावर, खुर्च्यांवर, टीव्हीवर साड्या पसरलेल्या आणि मधोमध दगडाबाई काकू कपाळाला आठ्या घालून उभ्या.

"आली का बाई! बरं झालं. मुरमुऱ्याचा सुशीला केलाय, त्यो खा आन मला जरा मदत कर. मी लय बेजार झालेय."

"तिला बसू दे आधी," आतून गुरुजी म्हणाले. ते दहाही वह्या उराशी धरून बाहेर आले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण चेहरा असा फुललेला, की लग्न त्यांचंच आहे की काय असं कुणालाही वाटावं. "बघ, सगळ्यांना कव्हरं घातली. मंगळवारी टेबलावर वळीनं मांडायच्या. पोरांना हातात घेऊन बघू देऊ. काय म्हणतीस?"

अपेक्षानं सुशीलाचा मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

घास संपला तेव्हा तिनं धीर एकवटला आणि लांबून सुरुवात केली. "गुरुजी, एक शंका होती. एक तृतीयांश यादीत कितवा येतो?"

गुरुजी हसले. या प्रश्नाची ते वाटच बघत असावेत. "शून्य पॉइंट तीन तीन तीन, कवाच न संपणारा. बरोबर? तो शेवटी येतो."

"पण यादीला शेवट नाही ना गुरुजी."

"त्याच्या आकड्यांना तरी कुठं हाय? ह्याला शेवट न्हाई, त्याला शेवट न्हाई. जोडी जमली का न्हाई?"

असं म्हणून त्यांनी टाळीसाठी हात पुढं केला. आणि आपल्या एमेस्सी झालेल्या अपेक्षानं काय केलं? टाळी दिली. मग स्वतःचाच राग येऊन ती पाणी प्यायला उठली. माठाजवळ उभं राहून तिनं वाक्य घोटलं, गुरुजी चूक आहे, गुरुजी चूक आहे. बाहेर आली आणि म्हणाली, "गुरुजी, अक्षर किती सुंदर आहे तुमचं."

दुपारपर्यंत हेच चाललं. तिनं चार वेळा विषय काढला आणि चारही वेळा गुरुजींच्या चेहऱ्याकडं बघून गिळला.

जेवणं झाल्यावर काकूंनी तिला साड्यांपाशी ओढलंच. भानगड अशी होती. चुडाव्याच्या विहीणबाईंना मानाची साडी द्यायची. त्यांच्या तीन जावा आणि दोन नणंदा, त्यांना आहेराच्या पाच साड्या द्यायच्या. विहीणबाईंनी आधीच कळवलं होतं, की आमच्यात मानाची साडी हिरवीच लागती. आणि दुकानदारानं काकूंना जो गठ्ठा गळ्यात मारला त्यातल्या पाचही साड्या हिरव्याच निघाल्या. आता विहिणीची साडी तिच्या एखाद्या जावेच्या साडीसारखी निघाली तर? मागं भावकीतल्या भागवतच्या पोरीच्या लग्नात हेच झालं होतं. आपली आणि जावेची साडी एकच निघाली म्हणून विहीण रुसून गाडीत जाऊन बसली आणि पंगत चार वाजेपर्यंत खोळंबली. काकू तेव्हापासून साडीच्या बाबतीत कुणावर भरवसा ठेवत नसत.

"काल परभणीहून ही निवडून आणली विहिणीला," काकूंनी एक घडी पुढं केली. "ह्या पाचातल्या कुणासारखीच न्हाई. तू एकदा नजर घाल."

गुरुजी पलंगाच्या कडेला वही मांडीवर घेऊन आजचे पंधरा आकडे लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढी खात्री कशानं? साही साड्या पार उलगडून, एकमेकींवर ठिवून, काठापासून काठापर्यंत ताडून बघावं लागंल. अर्धा दिवस जाईल."

"उलगडायचं काय काम?" काकू फणकारल्या. "थोरल्या जावेच्या साडीपेक्षा हिचा काठ येगळा घेतला. झालं, तिचं मिटलं. दुसरीपेक्षा पदर येगळा घेतला. तिसरीपेक्षा बुट्टी येगळी. मोठ्या नणंदेपेक्षा जर येगळी, धाकटीपेक्षा ब्लाउजपीस येगळं. परतेकीशी एक एक गोष्ट मोडली की बास. मंग बाकीचं सगळं सारखं का असंना, ही साडी त्यातली कोणचीच न्हाई."

"हूं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी आकडा लिहायला घेतला.

मग त्यांचा पेन थांबला.

अपेक्षाच्या हातातली साडी हातातच राहिली. जे तिला सकाळपासून सांगायचं होतं, जे सांगायला तिनं मनातल्या मनात दहा प्रकारे वाक्यं जुळवली होती, ते काकूंनी विहिणीच्या साडीवरून सांगून टाकलं होतं. गुरुजींनी हातातली वही मिटली आणि ढिगातली पहिली वही काढून पहिलं पान उघडलं.

"परतेकीशी एक एक गोष्ट मोडली," ते स्वतःशीच पुटपुटले. "अपेक्षा, पेन्सिल दे."

तिनं दिली. गुरुजींनी पहिल्या आकड्यातल्या टिंबानंतरच्या पहिल्या घराखाली बारीक रेघ मारली. दुसऱ्या आकड्यातल्या दुसऱ्या घराखाली. तिसऱ्यातल्या तिसऱ्या. पेन्सिल पानावरून तिरपी उतरत गेली.

"पहिला ०.१. त्याचं पहिलं घर एक. मी दोन लिवतो. मोडलं त्याच्याशी," गुरुजी म्हणाले. "दुसरा ०.२. त्याचं दुसरं घर रिकामं, म्हंजे शून्य. मी एक लिवतो. दुसऱ्याशी मोडलं. तिसऱ्याचं तिसरं घर शून्य, मी एक. चौथ्याचं चौथं शून्य, मी एक..." समासात त्यांनी लिहिलं, ०.२११११, आणि पुढं टिंबटिंब.

"हा कितवा येतो, सांगा बरं," काकू सहज म्हणाल्या. गेली अकरा वर्षं घरी आलेल्या प्रत्येक माणसाला गुरुजी हाच खेळ खेळायला लावत, म्हणून त्यांना वाटलं आताही तोच चाललाय.

गुरुजींनी समासातल्या आकड्याखाली पेन्सिल टेकवली. "शेवटी येतो म्हणलं असतं मी," ते म्हणाले. "पण शेवटी म्हंजे कितवा? कुठला तरी नंबर सांगावा लागंल. हजारावा म्हणलं, तर हजाराव्याच्या हजाराव्या घरात शून्य हाय, ह्याच्यात एक. लाखावा म्हणलं, तर तिथंबी तेच. कुठलाबी नंबर घ्या, त्याच्याशी हा एका घरात भांडूनच बसलाय." मग त्यांचे डोळे जरा चमकले. "ह्याला यादीत सगळ्यांच्या वर घालू. मंग?"

काकूच म्हणाल्या, "मंग साड्या सहा झाल्या. मी आता सहांशी मोडणारी सातवी आणीन. माझं काय जातंय!"

"आन यादी दुसऱ्या कुणी केली असती तर? लय हुशार माणसानं, येगळ्या युक्तीनं?" हा प्रश्न गुरुजींनी अपेक्षाकडं बघून विचारला.

"तरी हेच," ती कशीबशी म्हणाली. "कुणाचीही यादी घ्या गुरुजी. एक आकडा बाहेर राहतोच. यादी होतच नाही."

काकूंच्याही काहीतरी ध्यानात आलं आणि त्या उगाच साडीची घडी पुन्हा घालू लागल्या. गुरुजींनी वही मिटली, तिचं कव्हर हातानं नीट केलं आणि विचारलं, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"कवापास्नं?"

"एमेस्सीच्या पहिल्या वर्षापासून."

"म्हंजे मी फोटू पाठवायलो तवा ठाऊक होतं. तरी तू हात जोडायलीस."

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं गुरुजी."

गुरुजी तिच्यावर कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. पण जे बोलले ते तिला थेट लागलं. "तू सहावीत भागाकार चुकायचीस. रोज चुकायचीस. तुजे मायबाप कारखान्याला, तू माज्या घरी रडत बसलेली. तवा तुज्या तोंडाकडं बघून मी बरोबरची खूण केली असती, तर तू आज कुठं असतीस? फडात कोयता धरून असतीस. मला काय वाटतंय त्याची काळजी तू कशाला केलीस? मी म्हातारा झालो म्हणून? माज्या चुकीला चूक म्हणायची लायकी राहिली न्हाई का माजी?"

"गुरुजी, मंगळवारी तुम्ही अनुभवच सांगा ना," ती रडत रडत म्हणाली. "मी कुणाला काही कळू देणार नाही."

हे बोलायला नको होतं. गुरुजी उठले. "मंगळवारी येतो मी. बोलायचं ते बोलीन," एवढं म्हणून दहाही वह्या घेऊन आत गेले.

काकू तिला जीपच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. तुरीच्या उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी हातात कोंबत म्हणाल्या, "रडू नको बाई. माणूस रागीट न्हाई त्यो. निसता दुखावलाय." अपेक्षाला हे आणखीच वाईट वाटलं. जीप पाथरीच्या देवळात दर्शनाला आलेल्या माणसांनी खच्चून भरली होती, आणि एका अनोळखी बाईच्या खांद्याला खांदा लावून ती परभणीपर्यंत गुपचूप रडली. त्या बाईनं काही न विचारता डोळे पुसायला आपली दस्ती दिली.

सोमवारी गुरुजींचा फोन नाही, मेसेज नाही. फोटोही नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

मंगळवारी अकराला सभागृह भरलं. गुरुजी आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, मागं काकू, आणि काकूंच्या दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्यांमध्ये दहा वह्या. त्या टेबलावर ओळीनं मांडल्या गेल्या तशी अपेक्षा मागं सरकत भिंतीपाशी गेली. हार, नारळ, शाल झाली. विभागप्रमुखांनी पाहुण्यांची ओळख करून देताना "प्राथमिक" हा शब्द तीनदा वापरला. गुरुजी फळ्यापाशी गेले आणि त्यांनी खडू घेतला.

"पोरांनो, शून्य आन एकच्या मधले सगळे आकडे मी वळीनं उभे केलेत," ते म्हणाले.

आणि त्यांनी यादीच मांडली. तीच युक्ती, तोच उलटा आकडा. शिकवणं असं, की मागच्या बाकावर मोबाइल बघणाऱ्यांनी मोबाइल खाली ठेवले. पोरं दशांश सांगायची, गुरुजी क्षणात नंबर सांगायचे, पोरं टाळ्या वाजवायची. एका मुलीनं विचारलं, "सर, एक तृतीयांश?" गुरुजी म्हणाले, "तो शेवटी येतो," आणि हशा पिकला. पोरांना वाटलं, पटलं आपल्याला.

अपेक्षा भिंतीला टेकून उभी होती. गुरुजी रविवारचं सगळं विसरले की काय? का मुद्दाम? दुखावलेला माणूस हट्टाला पेटतो तसं तर नाही झालं? विभागप्रमुख खुर्चीतून वळले आणि कुजबुजले, "मॅडम, हे काय चाललंय? पाहुण्यांना थांबवा." त्यांना आता हसू लपवता येत नव्हतं. तिनं काकूंकडं बघितलं. काकू पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून निवांत बसल्या होत्या.

फळा भरला तेव्हा गुरुजी वळले. "कुणाला चूक दिसायलीय का?"

कोपऱ्यातली दोनचार हुशार पोरं चुळबुळली, पण पाहुण्यांना कसं बोलायचं म्हणून गप्प राहिली.

"न्हाई दिसत? मला अकरा वर्षं दिसली न्हाई," गुरुजी म्हणाले. "मी शिकवायचो त्या शाळेत सहावीतल्या एका पोरीनं मला विचारलं होतं, गुरुजी, दोन आकड्यांच्या मधे किती आकडे असतेत? मी म्हणलं, लय. ती म्हणली, लय म्हंजे किती, मोजता येतेत का? वर्ग हसला. मी म्हणलं, उद्या सांगतो. ती पोरगी इसरली, पण मी इसरलो न्हाई. माज्या नोकरीत एवढा एकच उद्या राहिला होता. त्याच्यापायी ही यादी केली. ती चूक निघाली."

अपेक्षाला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण सहावीत, त्या शाळेत, असला प्रश्न विचारणारी दुसरी पोर कोण असणार? अकरा वर्षं हा माणूस रोज सकाळी बसून आपल्या प्रश्नाचं उत्तर लिहीत होता आणि आपण त्याला वर्षभर हात जोडल्याची खूण पाठवत बसलो.

"चूक कुठं हाय ते मला परवा कळलंय," गुरुजी म्हणाले. "मी सांगू शकतो. पण तुमच्या कॉलेजात ते शिकवायची जिम्मेदारी माजी न्हाई, तुमच्या मॅडमची हाय. मॅडम, या."

मॅडम. गुरुजींच्या तोंडून हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला. दोनशे माना तिच्याकडं वळल्या. विभागप्रमुखांचं हसू मावळलं होतं. ती स्टेजवर गेली. गुरुजींनी खडू पुढं केला, तिनं घेतला. फळ्यावरची यादी गुरुजींच्या सुंदर अक्षरात वरपासून खालपर्यंत मांडलेली होती.

"गुरुजी," ती म्हणाली. अगदी हळू. "गुरुजी, चूक."

"मोठ्यानं," गुरुजी म्हणाले. "मागच्या बाकाला ऐकू आलं न्हाई."

अपेक्षानं डोळे पुसले, वर्गाकडं तोंड केलं आणि म्हणाली, "चूक! ही यादी चूक आहे." मग तिनं पहिल्या आकड्याच्या पहिल्या घराखाली रेघ मारली.

गुरुजी स्टेजवरून उतरले. पहिल्या बाकावरच्या दोन पोरांना सरकायला लावून त्यांनी जागा केली, खिशातून पेन काढला, आणि मॅडम जे सांगतील ते उतरून घ्यायला कोरं पान उघडून बसले.